टिपण क्रमांक एकेचाळीस

वकिलात माननीय मंत्रालयास सादर प्रणाम करते
आणि कळवू इच्छिते की –
प्रत्येक टिपणाची सुरुवात हीच.
चाळीस वेळा प्रणाम करून झाला.
एकेचाळिसावा माझ्या टेबलावर, अर्धा.

असुन्सियोनमध्ये लापाचो फुललेत.
फुटपाथभर गुलाबी सडा,
आणि फाटकासमोरच्या त्या दोन राखाडी गाड्यांच्या टपांवरही,
कारण त्या जागच्या हलतच नाहीत.
आतले पोलीस तेरेरे पितात,
एकच शिंग, एकच नळी, पाळीपाळीने.
मी खिडकीत दिसलो की एक जण हात वर करतो.
मीही करतो. सवय.

ती मागच्या खोलीत असते, जिथे आम्ही
कोपरे कापलेले जुने पासपोर्ट ठेवायचो.
फिदेलिना ओकाम्पोस. वय त्रेपन्न.
धरणाच्या कचेरीत सिमेंटची पोती मोजायची.
कागदावर नऊ लाख, भिंतीत सहा.
उरलेल्या तीन लाखांचे
कुणाकुणाच्या बंगल्यात पोहण्याचे तलाव झाले,
ते तिने नावांसकट सांगितलं.
धरणाच्या खाली बहिणीचं गाव आहे, एवढंच कारण.
तत्त्वबित्त विचारलं
तर खांदे उडवते.

त्यांच्या पत्रांत ती घरभेदी.
आमच्या पत्रांत जागल्या.
रेडिओवर सकाळी एक, रात्री दुसरं.
ती स्वतःला म्हणते, कारकून.

गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या सफरचंदांचे ट्रक
पुलावर अडवून धरले.
वास नदीच्या दोन्ही काठांना गेला म्हणतात.
मग आमच्याच मंत्र्यांचा फोन:
आपण शब्दाला बांधलेले आहोत, अर्थातच.
पण साधारण किती दिवस?
राष्ट्रीय दिनाला साठ खुर्च्या मांडल्या,
अकरा माणसं आली, त्यातला एक चुकून.
उरलेल्या एम्पानादा आम्ही चार दिवस खाल्ल्या.
तिनेही. मोजून.

अभयपत्र म्हणजे एक पान, एक शिक्का,
फाटकापासून विमानाच्या शिडीपर्यंतचा रस्ता.
ते म्हणतात, विचाराधीन.
आम्ही म्हणतो, आभारी आहोत.

रात्री तिला झोप लागत नाही.
मीच म्हणालो होतो, हवं तर
जुन्या वह्या चाळा, वेळ जाईल.
पाहुणीला विचारतात ना, चहा घेणार का,
तसं म्हणालो होतो.

आज सकाळी टेबलावर पेट्रोलची वही.
मार्च ते जुलै.
पेन्सिलीचं एकच वर्तुळ,
इतकं हलकं की बोटानेही पुसलं जाईल.
वहीप्रमाणे राजदूतांची जुनी गाडी
दर आठवड्याला देशाच्या टोकाला जाऊन येते.
गाडी तर अंगणात असते.
तिच्या बॉनेटवर मांजर व्यालं होतं मे महिन्यात,
पिल्लांना दूध फिदेलिनाच घालायची.
पावत्यांवर सही माझी.

बोलली काहीच नाही.
दुपारी ताटल्या विसळताना तिची पाठ दिसत होती,
आणि मी मनातल्या मनात मांडत गेलो
मुलीच्या दातांची तार, घरभाडं,
वर्षभर न वाढलेला भत्ता,
जणू तिने विचारलंच होतं.
तिने विचारलं ते एवढंच:
मीठ संपलंय, कुणाला सांगू?

दार लावून घेतलं.
खोडरबर शोधलं. सापडलं.
ते मुठीत गरम होत गेलं.
तिच्या देशाला एकेचाळीस वेळा लिहिलं मी,
की सत्य सांगणं हा गुन्हा नव्हे.
वाक्य माझंच. राजदूतांना फार आवडलं होतं.

बाहेर पोलिसाने हात वर केला.
मी केला नाही.

टिपणाचा शेवटही ठरलेला असतो,
डोळे मिटून लिहिता येतो:
वकिलात ही संधी साधून
आपल्याविषयीच्या अत्युच्च आदराची
पुन्हा एकदा ग्वाही

इथपर्यंत आलोय.