हेइनोची बिअर

सारेमाच्या बेटावर जूनमध्ये
रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड हटत नाही.
विर्वे गमबूट चढवून कोबीच्या वाफ्यात उतरते,
एका हातात चिमटा, दुसऱ्यात बादली.

म्हणे गोगलगाय अन् पोटात पाय!
या बयांच्या पाठीवर तर घरसुद्धा नाही,
पोटात मात्र
अख्खा कोबी.

तळघरात बिअरचा अर्धा क्रेट उरलाय.
पिणारा मार्चमध्ये गेला.
रोज एक बाटली ती दह्याच्या रिकाम्या डब्यांत ओतते,
डबे मातीत गळ्यापर्यंत पुरते.
सकाळी त्यांत सात, कधी चौदा,
फुगलेल्या, तर्र.
"तुझ्याच जातीच्या," ती डब्याला सांगते.

निळ्या गोळ्या त्याने एकदाच टाकल्या होत्या.
गोगलगाई गेल्या.
पायरीखालचा बेडूकही गेला.
आठवडाभर दोघं बोलली नव्हती.

आज पायरीखाली काहीतरी हललं.
ती चिमटा धरून तशीच थांबली.
मग बादलीतली एक, चांगली जाडजूड,
अलगद पायरीपाशी ठेवली
आणि बाटलीत उरलेली बिअर
उभ्याउभ्याच,
तोंड वाकडं करत,
स्वतः पिऊन टाकली.