एक जर्मन

रेनहिल स्टेशनात तिकीटखिडकीपाशी
दुपारी दोन ते चार कोणी फिरकत नाही.
त्यात नोव्हेंबर. त्यात मंगळवार.
लाइम स्ट्रीटकडून आलेल्या गाडीतून हा एकटा उतरला,
गळ्यात काळा-पिवळा मफलर,
आणि काचेला नाक टेकवून म्हणाला,
ती धावली ती जागा कुठली?

मला वाटलं, कुत्री हरवली.

म्हणाला, रॉकेट. एकोणतीस सालची. अठराशे एकोणतीस.
म्हटलं, तू उभा आहेस तीच.
रूळ बदलले, रेघ तीच.
एवढ्याच तुकड्यावर मागे-पुढे, मागे-पुढे,
दिवसभर दमवलं होतं तिला.
तो फलाटाच्या कडेला गेला,
सुरक्षेच्या पट्ट्याअलीकडे शहाण्यासारखा थांबला
आणि मफलर काढून हातात धरला,
देवळाबाहेर चप्पल काढावी तसा.

विल्मार. मूळ मोंतेविदेओचा.
सध्या वॉरिंग्टनला मटणाच्या कारखान्यात रात्रपाळी.
क्लब पेन्यारोल.
ते रंग, म्हणे, त्या इंजिनाचे;
साहेबाच्या रेल्वेबरोबर समुद्र ओलांडून गेले
आणि वर्कशॉपातल्या पोरांच्या अंगावर चढले.
अजून त्यांना कोळसेवाले म्हणतात.

मी जरा सावरून बसलो.
माझा बाप भुसावळच्या शेडमध्ये फायरमन.
त्याच्या बनियनचा मूळ रंग
आईलासुद्धा सांगता आला नसता.

नावाचं तर विचारूच नका.
कोणी एक इटालियन, पिनेरोलो गावचा,
लोकांच्या तोंडात झिजत झिजत पेन्यारोल झाला.
आधी माणूस, मग वस्ती, मग स्टेशन, मग अकरा जण.
मी छातीवरची पाटी पुढे केली: रँग.
श्रीरंगमधलं त्यांना पेललं तेवढं.

चहा झाला. फोनवर वाचून मी सहज म्हटलं,
पण हे नाव तर एकोणीसशे तेरानंतरचं ना?
त्याने कप खाली ठेवला.
हे नासिओनालवाले विचारतात, म्हणाला,
आणि बराच वेळ रुळांकडे बघत राहिला.
माझ्या आईचं नाव लग्नात बदललं होतं.
त्या दिवशी काही ती जन्मली नव्हती.
हे त्याला सांगायला हवं होतं. इंग्रजीत जमेना.

मग त्याने खिशातून घडी काढली.
अठराशे एक्याण्णव, सप्टेंबर.
सभासद एकशे अठरा.
बहात्तर इंग्रज.
पंचेचाळीस तिथलेच.
आणि एक जर्मन.

कोण रे हा?
कोणाला ठाऊक.

खेळायचा, की नुसती वर्गणी भरायचा?
फिटर होता, की हिशेबनीस?
बहात्तर जण एका विनोदावर हसले
तेव्हा तो किती उशिरा हसला?
चेंडू नडगीवर बसल्यावर
कुठल्या भाषेत ओरडला असेल,
तेवढं मात्र मी शपथेवर सांगतो.

जाता जाता विल्मार म्हणाला, सत्त्याऐंशी साली
मी नऊ वर्षांचा. फायनल. सांतियागो.
मिनिटभर उरलं होतं, बरोबरी आम्हाला पुरणार नव्हती.
बापाने रेडिओ बंद केला.
गोल आम्हाला शेजारच्या भिंतीतून कळला.
त्यानंतर बाप मरेपर्यंत
कितीही हरत असोत,
आवाज बारीक करून लावून ठेवायचा, शेवटपर्यंत.
कधीकधी सामना संपल्यावरही.

चार बाराच्या गाडीने तो गेला.
खिडकीतून हात केला की काच पुसली, कळलं नाही.

गुरुवारी सेंट हेलेन्सला स्टाफची टीम खेळते.
पावणेदोन वर्षं मी गुडघ्याचं निमित्त सांगतोय.
आज दुकानात बूट बघितले. आठ नंबर, काळे.
नाड्या पिवळ्या मागितल्या.
नव्हत्या.