डावीकडून

शेवटच्या फेरीत बाकाखाली सापडलं ते पुस्तक,
काळंपांढरं, चित्रांचं, जपानी,
फुग्यांत इंग्रजी शब्द कोंबलेले.
आतल्या पानावर शाईने : सेल्मा, चोडण.
रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट बांधली
आणि केबिनच्या पिवळ्या दिव्याखाली
उघडलं ते, कुठलंही पुस्तक उघडतात तसं,
डावीकडून.

पहिल्याच पानावर एक पोरगं हात आडवा करून उभं,
थांबा, असं काहीतरी सांगत.
जाहिरात असेल, म्हणून पान उलटलं.

मग ती आली.
स्टेशनवर एकटी, कानामागे दोन क्लिपा,
हातात मिटलेली छत्री.
लांब, चेहरे न काढलेल्या गर्दीत,
दोघं चालले होते हातात हात घालून.
म्हटलं, चला, आता हिची गोष्ट सुरू होणार.

आणि झाली की.
पानागणिक त्या दोघांचे हात सुटत गेले.
एका पानावर छत्रीवाली रडली,
पुढच्या पानावर डोळे कोरडे.
तिने त्याच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली
आणि आपल्या दप्तरात ठेवून दिली, बरं केलं.
लांब केसांची ती देखणी
एके दिवशी फळ्यापाशी उभी राहिली,
सगळ्या वर्गाला वाकून नमस्कार केला
आणि गेली. पुन्हा कुठल्याच पानावर दिसली नाही.
शेवटी उरले दोघंच,
तो आणि छत्रीवाली, एका लहानशा पुलावर,
एका पावाचे दोन तुकडे करून खाताना.

मला बरं वाटलं.
कुणाला सांगू नये इतकं.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं आलं होतं
लग्नाआधीचे फोटो काढायला.
तिचा झगा कठड्याबाहेर उडत होता, पलीकडे खारफुटी.
फोटोवाला म्हणाला, दादा, जरा बाजूला.
सरलो. तरी कुणाच्या तरी दिवाणखान्यात
माझं कोपर असेल चौकटीत,
नारिंगी जॅकेटचा तुकडा,
आणि साखळी धरलेला एक हात,
ज्याला चेहरा काढलेला नाही.

चार दिवसांनी सेल्मा भेटली, सकाळच्या फेरीला.
गोष्ट सांगितली तर खो खो हसली.
अंकल, तुमी उरफाटें वाचलें!
हे उजवीकडून वाचायचं असतं. ठेवा अजून दोन दिवस.

आमच्या बोटीला पुढचं-मागचं नसतं,
दोन्ही टोकांना सारखीच फळी,
जाताना जे तोंड, येताना तीच पाठ,
वळावं लागत नाही कधी.
हे तिला सांगणार होतो. राहिलं.

रात्री वाचलं उजवीकडून.
छत्रीवाली एकूण अठरा चौकटींत आहे, मोजल्या.
चार चौकटींत तिला डोळेच नाहीत.
देखणी शाळेत नवी आली होती, तो नमस्कार येण्याचा.
आणि ती चिठ्ठी
छत्रीवालीनेच नेऊन दिली होती, स्वतःच्या हाताने.

पुस्तक परत देताना विचारलं,
पुढच्या भागात ती आहे का?
कोण?
ती. छत्रीवाली.
छत्री? सेल्मा पानं चाळत राहिली,
आधी उजवीकडून, मग डावीकडून.
दोन क्लिपा, मी म्हटलं, कानामागे.

चोडणचा धक्का आला.
मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवायला लागले.
मी साखळी सोडली.