वाऱ्याची मोट

बंब बाहेर काढून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये
आम्ही खुर्च्या मांडल्या. एकेचाळीस घरं, एकेचाळीस भागधारक,
आलुबुखाराचा केक दोन पराती,
आणि मी, खजिनदार, चष्मा पुसत.
खिडकीबाहेर सोळा पवनचक्क्या. एकही हलत नव्हती.

वाचायला लागले.
जानेवारी: वादळ आलं तेव्हा आपण बंद होतो.
साऱ्या उत्तर समुद्रावर एकाच रात्री वारा,
तारांत वीज मावेना, भाव शून्याच्या खाली.
वीज घ्या, आणि घेतल्याबद्दल वर पैसेही घ्या.
फेब्रुवारी: तेच.
जून ते सप्टेंबर: अंदाजापेक्षा कमी, बरंच कमी.
नोव्हेंबर: अकरा दिवस धुकं. भाव आभाळाला. वारा नाही.
"दात आणि चणे," मागून मोमे म्हणाला.
लोक हसले, आणि मग थांबले,
कारण पुढचं पान लाभांशाचं होतं.

तसं बघितलं तर वाऱ्याची मोट बांधली होती आम्ही.
खरीखुरी. ती कुठे आहे ते दाखवू शकते:
इंकेच्या उजव्या गुडघ्यात आहे,
चर्चच्या छपरावर, पोरांच्या पोहण्याच्या तलावात,
फेडरसनांच्या धाकटीच्या दंतवैद्यकीच्या पाच वर्षांत.
ज्या शेतात मेंढीसुद्धा टिकत नव्हती
त्या शेताला भाडं येत होतं.

पंधरा वर्षांपूर्वी ब्रेमेनहून तज्ज्ञ आला होता, कोऱ्या बुटांचा.
त्याने मागच्या तीस वर्षांच्या वाऱ्याची सरासरी काढली,
बँकेने सरासरीवर कर्ज दिलं.
वारासुद्धा सवयी मोडू शकतो
हे कुठल्याच कलमात नव्हतं.
मी त्याला वडिलांची दुधाची वही दाखवली.
लिटरांशेजारी समासात ते रोज लिहीत:
नैऋत्य, जोराचा. वायव्य, कपडे वाळतील.
पूर्वेचा, गाई अस्वस्थ.
त्याने चाळली, छान आहे म्हणाला,
आणि चहाचा कप तिच्यावर ठेवला.

खर्च. विमा दुप्पट, कारण वादळं.
सात नंबरचं पातं चिरलं, क्रेन रॉटरडॅमहून, सहा आठवडे भाड्याने.
आणि बांधाची पट्टी:
समुद्र चढतोय, बांध मीटरभर उंच करायचाय,
त्यासाठीची चिकणमाती आमच्याच शेतांतून जाणार.

मग मतदान. जुन्या काढून उंच नव्या उभ्या करायच्या,
वीस वर्षांचं नवं कर्ज,
की सगळं हॅम्बुर्गच्या कंपनीला देऊन मोकळं व्हायचं?
गेशे उभी राहिली, कडेवर बाळ.
"वरती, दोनशे मीटरवर, वारा अजून आहे म्हणतात."
"म्हणतात," मोमे म्हणाला.

सगळ्यात शेवटी टाडे उठला. त्र्याऐंशीचा.
बासष्टच्या पुरात तो दोन रात्री
गोठ्याच्या माळ्यावर होता, वासरांबरोबर.
त्याने विचारलं, "कागद संपेल तेव्हा
पाणी कुठपर्यंत आलेलं असेल?"
कुणी कॉफी ओतली. कुणी बाळाचा मोजा उचलून दिला.
मी पानं उलटली, जणू ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

सव्वीस विरुद्ध पंधरा. नव्या उभ्या राहतील.
टाडेचा हात सव्विसांत होता. का, ते त्याने सांगितलं नाही,
आणि घरी जाताना मी विचारलं तेव्हा
तो केकबद्दल बोलत राहिला.

बांधावरून एकटी परतले. मेंढ्या झोपलेल्या,
भरती पलीकडे, अंधारात, पुटपुटत.
सात नंबरखाली थांबले. वर काहीतरी करकरलं,
पातं तळहाताएवढं सरकलं, पुन्हा थांबलं.
मानेवर गार लागत होतं.

वही अजून स्वयंपाकघरातच असते, कपाचं वर्तुळ पुठ्ठ्यावर.
आता दूध नाही, लिटरांचा रकाना रिकामा.
समासात लिहिलं:
पूर्वेचा. थोडासा.
गाईंचं काय लिहावं, सुचेना.