खांड

घणसोलीत पाम बीच जिथे अचानक संपतो,
पुढे नुसतं कांदळवन, पलीकडे ऐरोली,
तिथे पहाटे पाचला आम्ही भरतीची पोरं धावतो.
आठशे मीटर. परत. आठशे मीटर.

जानेवारीत उजव्या नडगीतली एक जागा बोलायला लागली,
बोटाच्या पेराएवढी.
एक्स-रेत काही नाही. सर म्हणाले, नाटकं.
पट्टी गुंडाळून मी आणखी अकरा दिवस धावले.

वाशीच्या त्या खडखडणाऱ्या मशीनमध्ये
ती सापडली, केसाएवढी चीर.
डॉक्टर केणींचा पहिला प्रश्न पायाचा नव्हता:
'शेवटची पाळी कधी?'
बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.
मी बोटं मोजली. पाच महिने.
'आणि भात?'
भात दिवाळीलाच सोडला होता. वजन.

हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं, त्या म्हणाल्या.
तू झिजायला वेळ दिलास, भरायला दिला नाहीस.
आता ते आधी जुनं खरवडून काढेल, मग नवं घालेल.
मधले दिवस सगळ्यात पोकळ.
दुखणार नाही. तेव्हाच फसशील.

फसलेच. चौथ्या आठवड्यात, गच्चीवर, चोरून,
पाण्याच्या टाकीभोवती बावीस फेऱ्या.

मग हसुरामकाका आले,
मिठागरं होती तेव्हा बांधावर राबलेला माणूस.
'खांड परली गो.
नुसता चिखल थापून खांड बुजं नाय.
पयला सैल चिखल उकराचा. भोक मोठा दिसतं, दिसू दे.
मंग नवा चिखल, तुडवून, थरावर थर.
आनि उधानाला त्याच्यावर कोनी चढाचा नाय.'

मार्चमध्ये मैदान होऊन गेलं.
मी कठड्याशी उभी होते, शलाकाची चप्पल हातात घेऊन.

भात. सुका जवळा. नाचणी.
मे महिन्यात पाळी आली
आणि बाबा कुणाला काही न विचारता
निवट्या घेऊन आले.

आज केणींनी एका पायावर दहा उड्या मारायला सांगितल्या.
सातवीनंतर थांबले.
दुखलं म्हणून नाही,
दुखतंय का ते ऐकायला.

एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल.
खाडीला भरती लागलीये,
दुसऱ्या भरतीची तारीख अजून नाही.
नडगीवर बोट फिरवलं की बारीकसा उंचवटा लागतो.
काकांना दाखवला.
त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, बांध पाहतात तसा.
'वल हाय आजून,' म्हणाले.