सात ते नऊ

इनारी सरोवरापलीकडे, विजेच्या तारा संपतात तिथून
आणखी दोन कोस आत,
ओइवानं बर्फात पुरलंय तांब्याचं वेटोळं :
नऊ हजार फेरे, हातानं गुंडाळलेले.

सेकंदाला जेमतेम आठ हेलकावे.
कानाला लागत नाहीत, म्हणून कागदावर बघायचे.
तिकडे आफ्रिकेत कुठे वीज कडाडते
आणि इथे शाई किंचित थरथरते.

रेनडिअर चालत गेलं, तर तेही उमटतं.

घरी घेतलेल्या नोंदींच्या जुन्या गुंडाळ्या
त्यानं अजून टाकल्या नाहीत.
रोज संध्याकाळी सात ते नऊ एक जाड काळा पट्टा.
साइमीचं शिलाई मशीन.
किती भांडला होता त्यावरून!
"तुझ्या पडद्यांपायी मला पृथ्वी ऐकू येत नाही."

आता सगळं स्वच्छ.
सात वाजता तो पेन्सिलीला टोक काढायला बसतो,
नऊपर्यंत कागदाकडे बघत नाही.