बाकावरची वही

जुने सर जुलैत बदलून गेले. शिट्टी खिळ्यालाच राहिली.
गायधनी मॅडमनी ती शेवटपर्यंत काढली नाही.
नोटप्रेसमध्ये तेवीस वर्षं, तिथल्याच टीमकडून खेळलेल्या,
जिना चढताना डावा गुडघा कट्‌कन वाजायचा
आणि बोटांना सवय लागलेली:
दिसेल ते मोजायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला मोजलं. तेरा.
दुसऱ्या दिवशी अकरा.
"बॉल कुठंय?" ऋजुतानं विचारलं. ऋजुता कॅप्टन.
"त्याला अजून तुमची ओळख नाही,"
म्हणाल्या, आणि खराटे वाटले.

तीन आठवडे आम्ही सिमेंट झाडलं.
कुठे खड्डा, कुठे भेग, पूर्वेची रिंग किती वाकलेली
हे आमच्या तळव्यांना कळलं, डोक्याच्या आधी.
रविवारी पांडवलेणी. चढा, उतरा, परत चढा.
फोटो काढणारी जोडपी अंग चोरून उभी राहायची.
हर्सूलची यमुना भोये बूट हातात घेऊन पळायची
आणि बूट घातलेल्या आम्ही तिच्या धापा ऐकायला तरसायचो.
तिला धाप लागायचीच नाही.

ऑगस्टच्या शेवटी, रात्री सव्वाअकराला,
ऋजुतानं ग्रुप सोडला.
कुणीतरी अंगठा पाठवला. मग पुसला.

मी बारा नंबर. बाकावर बसायचं, वही लिहायची.
सिन्नरशी हरलो अठरानं. सामना गेलेलाच होता,
म्हणून शेवटची दोन मिनिटं मला उतरवलं;
वही पाण्याच्या बाटलीखाली ठेवून गेले.
संगमनेरशी एकतीसनं.
एस्टीत मी बेरीज परत करून पाहिली,
म्हटलं, माझंच काही चुकलं असेल.
एकतीसच आले.

डिसेंबरात निफाडचा पारा पाचावर,
इथं पहाटे बॉल नारळासारखा कडक,
झेलला की झिणझिण्या कोपरापर्यंत.
तेव्हा नवा नियम: नाव घेतल्याशिवाय पास नाही.
"शाहीन!" "यमे!" "तनू, तनू, अगं तनू!"
समोरच्या सोसायटीतले आजोबा
एकदा मफलर गुंडाळून थेट कोर्टवर आले.
भांडायला आले असावेत.
पाच मिनिटं उभे राहिले, म्हणाले,
"ती शाहीन कोणती?" आणि गेले.

मग एका गुणानं जिंकलो. मग नऊ.
मग चक्क चोवीस, आणि मॅडम हसल्या नाहीत,
फक्त परतताना गाडी थांबवून मिसळ खाऊ घातली,
पाव मोजून.

मालेगावला सेमीफायनल. एका गुणानं मागे, सहा सेकंद.
टाइमआऊटला सगळ्यांची नजर त्यांच्या तोंडाकडे.
"मला नाही सुचत," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोला."
असली शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येही ऐकली नाही.
मग यमुना बोलली. वर्षभरात चार वाक्यं बोललेली यमुना.
बोटानं जमिनीवर रेघ काढली, इथून तू, इथून मी.
खेळ तसाच झाला, रेघेबरहुकूम.
गर्दीतून कोणी ओरडलं, "शाहीन, डावीकडे!"
तो आवाज आम्ही झोपेतही ओळखला असता.
शाहीन वळली. बॉल रिंगवर बसला,
विचार करत फिरला,
आणि बाहेर पडला.

परतताना कोणी रडलं नाही, किंवा अंधारात दिसलं नाही.
ऋजुता गाडीत नव्हती; गर्दीतून कधी निघून गेली कुणास ठाऊक.
चांदवडच्या टोलनाक्यावर उजेड आला
तेव्हा मॅडम माझ्या शेजारी, मांडीवर माझी वही,
पान ऑक्टोबरचं.
"सिन्नरला आपण सोळानं हरलो."
"अठरा, मॅडम."
"सोळा. शेवटच्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यातून
एक बास्केट झाली होती. लिहिलेलीच नाही."
मी म्हटलं, तेव्हा तर वही बाटलीखाली होती,
लिहायला बाकावर कोणीच नव्हतं,
कारण मी...

त्यांनी पेन पुढे केलं.
गाडी हलायच्या आत
मी माझ्या नावापुढे दोन लिहिले.
अक्षर जरा वाकडं आलं.